खाटेखालचं मीठ

बाबा, तुमच्या अंगावर झेंड्याचा खांब रोवायचं चाललं होतं. तो मी हलवायला लावला. पण त्यानं काही मिटलेलं नाही. उलट त्या दिवसापासून घरात एक नवीच गोष्ट सुरू झाली आहे आणि ती सांगायला मला कोणी नाही. आईला सांगता येत नाही, कारण ती आईचीच गोष्ट आहे. काकांना सांगितलं तर ते कानांवर हात ठेवतील. म्हणून तुम्हाला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता मी तुमच्यापेक्षा म्हातारी आहे, तेव्हा जरा ऐकून घ्या.

आधी तुमच्या जागेबद्दल. ती तुम्ही स्वतः निवडली होती, आणि मला दाखवलीत तेव्हा मी शाळेच्या युनिफॉर्ममध्ये होते. त्या दिवशी नन्सनी आम्हा मुलींना त्यांच्या कबरस्तानात नेलं होतं, एका म्हाताऱ्या सिस्टरला फुलं वाहायला. ओळीनं पांढरे क्रॉस, प्रत्येकावर नाव. मला ते फार आवडलं. मेल्यावरसुद्धा हजेरीपटावर नाव राहतं, असं काहीतरी वाटलं. घरी येऊन मी तुम्हाला विचारलं, आपणही मातीच देतो, जाळत नाही, मग आपल्या माणसांच्या डोक्याशी दगड का नसतो? तुम्ही नुकतेच ड्यूटीवरून आला होता, बूट काढत होता. म्हणालात, "आपन महानुभाव. आपन दगडाले हात नाही जोडत. मानूस गेला, मीठ पडलं, माती पडली, झालं." मी कॉन्व्हेंटचं तोंड चालवलं. म्हटलं, मग तुम्ही कुठे आहात ते मला कसं कळणार? तुम्ही बूट परत घातलेत, मला सायकलच्या दांडीवर बसवलंत आणि मरोदा वस्तीच्या पलीकडे, रेल्वे लाइनीच्या अंगाला, आपल्या लोकांना पुरतात त्या मातीत नेऊन उभं केलंत.

लख्ख ऊन होतं. तुम्ही मला दोन्ही खांद्यांना धरून फिरवलंत. "समोर पाह्य. पान्याची टाकी दिसते? तिच्या मागं काय हाये?" मागे कारखान्याची उंच चिमणी होती, मला टाकीच्या कडेनं अर्धीच दिसत होती. "सरक. अजून सरक." मी सरकत गेले तशी चिमणी टाकीच्या मागे गेली आणि बरोब्बर मधून वर आली, टाकीला शिंग फुटल्यासारखी. "आता हलू नोको. मान फिरव. रेल्वेचा सिग्नल, अन् त्याच्या मागं देवळाचा कळस. एकामागं एक हाये का?" होता. "दोन रेघा जिथं काटतात तिथं तू उभी हाये. तुहा बाप इथंच राहीन." माझ्या पायांना एकदम गार लागलं आणि मी उडी मारून बाजूला झाले. तुम्ही हसला नाहीत, रागावलात. "हटतं कावून? बापाच्या घरात उभी होती तू." तुम्ही तोफखान्यातले. न दिसणारी जागा दोन खुणांवर पक्की करायची, हे तुमचं रोजचं काम होतं. जिवंत माणूस शाळकरी मुलीला आपली माती दाखवतो आहे, यात काही विचित्र आहे हे तुमच्या डोक्यातच आलं नाही. परत निघताना मी पुन्हा दगडाचं काढलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "दगड कोनीही उचलून नेते, पोरी. चिमनी कोन उचलून नेईन?"

भिलाईच्या माणसानंच करावी अशी ही चूक. बाकीच्या गावांत लोक नदी, डोंगर, किल्ला यांच्या भरवशावर असतात. आपण चिमणीच्या. ती धूर सोडते आहे तोवर पगार आहे, क्वार्टर आहे, दिवा आहे, आणि ती धूर सोडणं कधी थांबवेल असं मनात आणायचीसुद्धा आपली तयारी नाही. मीही नाही आणलं. कार्मिक विभागात आयुष्यभर दुसऱ्यांच्या अर्जांवर "नियमात बसत नाही" असं टाइप करत बसले आणि खिडकीतून ती दिसत राहिली. मी निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी तिचं काम संपलं आणि एका सकाळी ती पाडली. लोक गच्चीवर चढून मोबाइलवर तिचं चित्रण करत होते. ती आधी थोडी बसली, मग कललीच. मी टाळ्या ऐकल्या. मला त्या वेळी फक्त एवढंच सुचलं की खिडकी फार रिकामी दिसते आहे. तुमची एक रेघ गेली, हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही. सिग्नल तर त्याच्याही आधी हलवला होता.

तुम्ही गेलात तो दिवस मला तुकड्यातुकड्यानं आठवतो. सकाळी चहा अर्धा ठेवून तुम्ही खाटेवर आडवे झालात आणि उठला नाहीत. काका धावत आले. ते तुमच्याच युनिटचे, राजनांदगावकडचे, तुमच्यापेक्षा लहान, आणि फौजेतून आल्यावर तुमच्याच मागे मागे कारखान्यात लागलेले. ते सायकल घेऊन तडक माजी सैनिकांच्या ऑफिसात गेले, तिरंगा आणि बिगुलवाला मागायला. दुपारी परत आले ते मान खाली घालून. नोकरीत असताना गेलेल्याला झेंडा मिळतो, घरी खाटेवर गेलेल्याला नाही. आईनं तोपर्यंत डोळ्यातून पाणी काढलं नव्हतं. ती उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "खाटेवर मेले म्हून फौजी नाही राह्यले का?" काकांना नव्हे, त्यांच्यामागे कोणी उभं असल्यासारखं, गल्लीकडे बघून.

आणि मीठ नव्हतं. आपल्यात माणसाला मिठाशिवाय मातीत ठेवत नाहीत, आणि ते काही स्वयंपाकाच्या बरणीतलं पुरत नाही, पोतं लागतं. कॅम्प-१ चा बाजार त्या दिवशी बंद. दुकानदाराच्या घरी माणूस पाठवला तर तो गावाला गेलेला. तेव्हा काकांनी ओळखीच्या माजी सैनिकांची कॅन्टीनची कार्डं गोळा केली. तिथला कारकून म्हणाला म्हणे, "इतना नमक? लोणचं घालता का लग्नाचं?" काकांनी काय उत्तर दिलं ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. पण पुड्याच पुडे आले, चकचकीत प्लॅस्टिकचे, आणि ते आम्ही अंगणात बसून दातांनी फाडले. देशानं तुमच्या शेवटच्या प्रवासाला जे काय दिलं ते एवढंच, सवलतीच्या दरातलं मीठ. तुमच्या दोन रेघा मी जाऊन दाखवल्या, तिथेच खणलं. काका आणि इतर म्हातारे रबरी चपलांत सावधान उभे राहिले. बिगुल नव्हता, तर बाजूनं दल्लीच्या खाणीकडची मालगाडी गेली आणि शिट्टी वाजवून गेली. आई अजून म्हणते की ड्रायव्हरला कळलं होतं.

त्यानंतर आईनं स्वतःचं मीठ आणून ठेवलं. ऐन वेळी पुन्हा कोणाची कार्डं मागायची नाहीत, म्हणाली. खडे मिठाचं पोतं, तिच्या खाटेखाली, तुमच्या काळ्या ट्रंकेवर. त्याला कोणी हात लावायचा नाही, लोणच्यालासुद्धा नाही. दर पावसाळ्यात ते पाणी सोडतं, फरशी ओली होते, आणि दिवाळीआधी मी ते बदलते. दुकानदाराला वाटतं आमच्याकडे म्हशी आहेत. इतक्या वर्षांत मिठानं ट्रंक खाऊन टाकली, बाबा. झाकणावर पांढऱ्या रंगात तुमचा फौजी नंबर होता, त्यातला आता एकही आकडा वाचता येत नाही. आई आता त्या खाटेवरून उठत नाही. तिची एकच मागणी आहे आणि ती तिनं इतक्या वेळा सांगितली आहे की मी ती झोपेतही म्हणून दाखवीन. "मले त्याहिच्या डाव्या अंगाले ठेवजो." मी एकदा तिला म्हटलं, महंत म्हणतील हा मोह आहे, मातीत गेल्यावर कसलं डावं आणि कसलं उजवं? ती म्हणाली, "म्हंताले बायकोच नाही, त्याले काय समजते?"

तर आता खांबाचं.

मागच्या पावसाळ्यानंतर काका मिठाईचा डबा घेऊन आले. काठी टेकत, धापा टाकत, पण खूश. ते आता माजी सैनिकांच्या समितीचे अध्यक्ष आहेत. गुडघे बदलायला आलेल्या बाईला "नोनी", म्हणजे पोरी, अशी हाक मारणारा हा एकच माणूस जगात उरला आहे. म्हणाले, "ले नोनी, मुँह मीठा कर. भइया के नाव सबले ऊपर लिखाही." काळ्या ग्रॅनाइटची भिंत होणार होती. भिलाईच्या सगळ्या माजी सैनिकांची नावं, खाटेवर गेलेल्यांचीही. मध्ये उंच झेंडा, बाजूला बाग, बाकं, आणि दर वर्षी एका ठरलेल्या दिवशी बिगुल. काकांचे डोळे भरून आले होते. त्या दिवशी ऑफिसातून मान खाली घालून आल्याचं त्यांनी इतकी वर्षं छातीत ठेवलं होतं, ते आता कुठे उतरलं. मीही पेढा खाल्ला, खोटं कशाला सांगू. मग विचारलं, जागा कुठली? ते म्हणाले, आपली जुनी मातीच की, लाइनीजवळची. नाही तरी तिथे गवत माजलं आहे, गुरं बसतात.

मी विचारलं, "आणि आई?"

काकांनी तो विचार केलाच नव्हता. "भौजी के नाव घलो लिखाही न, भइया के तरी," म्हणाले. तिचंही नाव लिहू, भाऊच्या खाली. मी म्हटलं, "काका, ती भिंतीत झोपणार आहे का?" पेढ्याचा डबा उघडाच राहिला. आतून आईनं विचारलं, "कोन आलं वं? दंडवत म्हना." आम्ही दोघंही दाराकडे पाठ करून बसलो, चोरी करताना सापडल्यासारखे.

ज्या ऑफिसात ती फाइल होती तिथे मी गेले. इंजिनिअर म्हणजे पोरगेलासा, भंडाऱ्याकडच्या घरातला, मराठी कळणारा. मला बघून त्यानं खुर्ची दिली आणि म्हणाला, "मावशी, बसा ना." मी म्हटलं, मी तुझी मावशी नाही, कामाचं बोल. मग तो हिंदीवर गेला, ती त्याला सोयीची. नाव मोफत. शहीद असो, माजी असो, सगळ्यांचं सारख्या अक्षरात. उद्घाटनाला विधवांना पहिल्या रांगेत खुर्ची, शाल, श्रीफळ. बिगुल रेकॉर्ड केलेला, उत्तम दर्जाचा. मी ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि शेजारची माती?"

"मिट्टी नहीं मिलेगी, मैडम. दीवार मिलेगी."

उद्घाटन झालं की ती स्मारकाची जमीन. तिथे मग कोणाला पुरता येणार नाही. आपल्या लोकांना नवी जागा दिली आहे, शहराबाहेर, कुंपण घालून, पाण्याची सोय करून. सगळं नियमात. मी आयुष्यभर हीच भाषा टाइप केली, मला ती तोंडपाठ आहे, तरी मी म्हटलं, माझ्या वडिलांचा मान ठेवायचा म्हणून तुम्ही माझ्या आईला त्यांच्यापासून तोडणार? तो जरा पुढे वाकला, आवाज खाली केला, आणि त्याला वाटलं की तो माझ्यावर उपकार करतो आहे. "म्हणजे कसं आहे ना, आज की तारीख में कोणी रोकून नाही राहिलं. उद्घाटन के पहले जो होना है वो हो जाए, तो काहीच प्रॉब्लेम नाही."

मी म्हटलं, "काय व्हायचं आहे? नीट सांग. कोणाचं काय झालं की तुला प्रॉब्लेम नाही?"

त्यानं टेबलावरची काच रुमालानं पुसायला घेतली.

काकांना घेऊन मी त्या जागी गेले. भर दुपार होती. ज्या मातीत तुम्ही मला उभं केलं होतं तिथे चुन्याच्या पांढऱ्या रेघा मारलेल्या, भिंतीचा पाया निम्मा भरलेला, आणि एका बाजूला जेसीबी हात मुडपून बसलेला, जेवण झालेल्या जनावरासारखा. मी तुमच्यासारखीच उभी राहिले. टाकी समोर दिसली. ती गळते म्हणून बंद आहे, पण उभी आहे. तिच्यामागे आकाश होतं. मी सरकले, अजून सरकले. आकाश कुठूनही टाकीच्या मागेच असतं, बाबा. दुसरीकडे वळले तर देवळाला नवा, मोठा कळस चढवलेला आणि सिग्नलचा पत्ता नाही. काका म्हणाले, तुम्ही इथे आहात. मी म्हटलं, नाही, तिकडे. ते चिडले. "मैं कांधा दे हंव, नोनी!" मी म्हटलं, "तुम्ही खांदा दिलात, पण त्या जागेवर मी त्यांच्याआधी उभी राहिलेय." दोन म्हातारी माणसं उन्हात मेलेल्या माणसावरून भांडताहेत आणि मजूर विड्या थांबवून बघताहेत. मग भांडता भांडता आम्ही दोघंही एकाच ठिकाणी येऊन थांबलो, त्यांच्या बाजूनं ते आणि माझ्या बाजूनं मी, आणि मध्ये झेंड्याच्या खांबासाठी खणलेला चौकोनी खड्डा होता.

खड्ड्याच्या काठावर माती काढून टाकलेली. वरची तांबडी, मुरमाड, सगळीकडे असते तशी. खालची राखाडी, घट्ट, तिच्यात पांढुरके कण. मी खाली बसले. गुडघे वाजले. चिमूटभर माती उचलली आणि जिभेवर ठेवली. तो इंजिनिअर तिकडून धावत आला, "मैडम, ये क्या कर रहे हो?" मी रागावले की इंग्रजीत जाते, हे तुम्हाला माहीत आहे. नन्सनी शिकवलेल्या शुद्ध इंग्रजीत मी त्याला सांगितलं की मी माझ्या वडिलांची चौकशी करते आहे, मध्ये बोलू नये. माती खारट होती. इतक्या पावसाळ्यांनंतर मीठ राहतं का, मला माहीत नाही. चुना असेल, माझा घाम असेल, त्या ओळीत ठेवलेलं आपल्यातलं दुसरं कोणी असेल. पण माझ्या जिभेला कॅन्टीनचे ते पुडे आठवले, फाडताना दातांत आलेले खडे. मी काकांकडे बघितलं. त्यांनी टोपी काढली आणि रबरी चपला जुळवून सावधान उभे राहिले, खड्ड्याकडे तोंड करून. त्यांना चव विचारायची गरज पडली नाही.

तिथेच त्यांनी इंजिनिअरला बोलावून सांगितलं की खांब सरकेल. अध्यक्षांचा शब्द म्हणून सरकला. पण मी उद्घाटन पुढे ढकलायचं काढलं तेव्हा ते रडवेले झाले. "तारीख मोर हाथ म नइ हे, नोनी." मंत्री येणार, मंडप ठरला, पत्रिका छापल्या. त्यांच्या हातात जेवढं होतं तेवढं त्यांनी केलं. तुमच्या डाव्या बाजूची जागा मोकळी ठेवायची, तिथे फरशी, बाग काही नाही, उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळपर्यंत. त्यानंतर फरशी. इंजिनिअरनं लगेच चुन्याची पिशवी मागवली. चौकोन आखायला वाकला आणि तसाच वाकलेला राहून, अगदी सहज, शिंप्यानं विचारावं तसं त्यानं मला विचारलं, "अम्मा की हाइट कितनी होगी?"

मी सांगितली. सांगितली, बाबा. माझ्या खांद्यावर हात ठेवून दाखवलं, इतकी. घरी ती पेज पीत होती आणि मी तिचं माप देत होते.

त्या दिवसापासून मी रोज तिकडे जाते. चौकोनावरून कुत्री जातात, मजूर जातात, वारा चुना उडवतो, आणि मी पिशवीतून आणलेल्या चुन्यानं तो परत नीट करते. मजूर आता मला रस्ता देतात. एक बाई मला बघून पदर डोक्यावर ओढून घेते, अपशकून दिसल्यासारखी. भिंत पूर्ण झाली. तुमचं नाव खरोखर सगळ्यात वर आहे, सुरेख अक्षरात, आणि खाली आईसाठी गुळगुळीत जागा सोडली आहे. काळ्या दगडात मला माझा चेहरा दिसतो. दगड कोणीही उचलून नेतो म्हणाला होतात ना? हा कोणी उचलणार नाही. हा राहील.

दुपारी तिथली माणसं रेकॉर्डिंगचा भोंगा लावून बघतात. बिगुल घरापर्यंत येतो. तार खराब असावी, मध्येच अडकतो, थांबतो, पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. पहिल्या दिवशी आईनं डोळे उघडले. "कोन गेलं वं?"

"कोणी नाही, आई. आवाज लावून पाहतात."

"मंग कोनासाठी वाजवून राह्यले?"

मी पंख्याचं बटण चाचपत राहिले. दुसऱ्या दिवशीही तिनं तेच विचारलं, आणि तिसऱ्या. आता विचारत नाही. बिगुल सुरू झाला की चादर नीट ओढून घेते, पाय जुळवते आणि वाट बघते. बिगुल अडकतो, बंद होतो, आणि ती पाय पुन्हा सैल सोडते. मग म्हणते, "जागा पाह्यली का?" मी म्हणते, पाहिली. "डाव्या अंगाले?" हो, डाव्याच. "मीठ?" मी खाटेखाली हात घालून पोतं दाबते. खडे करकरतात. ती तो आवाज ऐकते तेव्हा कुठे तिचं समाधान होतं.

तुम्हाला नंदिनी खाणीजवळचं घर आठवतं? मी लहान, तुम्ही खाणीवर पहाऱ्याला, दुपारचे घरी जेवायला यायचा, अंगावर चुनखडीची पांढरी पूड. सुरुंगाचा भोंगा वाजला की तुमचा हात तोंडाकडे जाता जाता थांबायचा. आई वरणावरचं झाकण तळहातानं दाबून धरायची. मी हसले तर तुम्ही डोळ्यांनीच दटावायचा. मग जमीन हलायची, भांडी वाजायची, आणि तुम्ही तो घास खायचा, काही झालंच नाही असा. एकदा भोंगा झाला आणि सुरुंग उडालाच नाही. आम्ही तिघं तशीच बसून राहिलो. वरण गार झालं. तुम्ही घास खाली ठेवला नाहीत आणि खाल्लाही नाहीत. शेवटी तुम्ही हात धुतलात आणि परत ड्यूटीवर गेलात. मला वाटायचं त्या सुरुंगाचा आवाज ही जगातली सगळ्यात भीतिदायक गोष्ट आहे. तसं नव्हतं.

आता स्वयंपाकघरात मी तशी थांबते. हातात पळी असते आणि पलीकडच्या खोलीत आईचा श्वास मध्येच अडकतो. मी पळी खाली ठेवत नाही. ऐकत राहते. मग तो पुन्हा सुरू होतो, घरघरत, सावकाश. आणि मी गॅस मोठा करते.

दिवाणखान्यात कॅलेंडर आहे, ते मी भिंतीकडे उलटं करून लावलं आहे. डॉक्टर आले होते, म्हणाले नाडी चांगली आहे, म्हातारीचं काटक शरीर आहे, अजून खूप काढतील. शेजारीण म्हणाली, "भाग्यवान आहात तुम्ही." मी तिला चहा दिला. काका आता रोज येतात. आत जात नाहीत, ओट्यावर बसतात, आणि मी बाहेर आले की तोंडानं विचारत नाहीत, नुसते बघतात. मी मान हलवते. ते काठी उचलून निघून जातात. आमच्यात कसली बातमी चालली आहे हे आम्हाला दोघांनाही माहीत आहे. ते बोलून दाखवायची हिंमत ना त्या म्हाताऱ्यात आहे, ना माझ्यात, आणि मला तर सगळे तोंडाळ म्हणतात.

पत्र संपवते. तुम्हाला पाठवायचं तरी कुठे, पत्त्यावर आता ग्रॅनाइट आहे. मंडपाचे बांबू काल आले. आज सकाळी मी आईला पेज भरवायला बसले. गेले काही दिवस ती दोन चमच्यांवर मान फिरवायची. आज फिरवली नाही. वाटी संपवली, ओठ पुसले, माझ्या हाताकडे बघून म्हणाली, "अजून दे. अन् मीठ कमी हाये वं." मी उठले, बरणीतलं मीठ घातलं, दुसरी वाटी भरवली, तीही तिनं संपवली. गालांवर जरा रंग आला तिच्या. आणि मला आनंद झाला नाही, बाबा.